वन्संचा अंगठा

१७ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ढगाळ, दुपारनंतर ऊन. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. व्यायामवाली मुलगी वेळेवर आली. वन्संनी आज गाऊनचं वरचं बटण उजव्या हाताने, कोणाची मदत न घेता लावलं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. चहाबरोबर बिस्किटांचा नवीन पुडा फोडला. चारच्या सुमारास वन्संच्या घरमालकिणीचा फोन, सामान कधी नेता म्हणून. काहीतरी घोटाळा दिसतो. उद्या जाऊन येणे.

त्या दिवशी मी एवढंच लिहून दिवा मालवला. घोटाळा घरमालकिणीचाच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. वन्संच्या हातून घोटाळा होणं शक्यच नव्हतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. कानावरचा हेडफोन उतरून वर्षं लोटली तरी त्यांच्या बोलण्यातलं एक्स्चेंज गेलं नाही. तेव्हा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे, पुढे बोलायचं तर ऑपरेटरला सांगून वाढवावा लागे. पाहुणा फार वेळ बसला, की त्या घड्याळाकडे न बघता शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायची आहेत?" नवीन माणूस गोंधळून उठायचा. आमचे हे मात्र म्हणायचे, "वाढव गं, बिल मी भरतो." भावाबहिणीचा हा विनोद आमच्या लग्नापासून चालू होता. हे गेल्यावर ते उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला वन्संची भाड्याची खोली होती. खोली म्हणजे एक मोठी खोली, तिला लागून ओट्यापुरतं स्वयंपाकघर आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. पहिल्या बढतीनंतर त्यांनी ती घेतली. आईवडील गेल्यावर भावाने आमच्याकडे ये म्हणून किती सांगितलं. "मला माझा नळ लागतो," एवढंच उत्तर. घरमालकिणीच्या सासूच्या हातात त्यांनी पहिलं भाडं ठेवलं होतं, आणि तेव्हापासून एकदाही उशीर केला नव्हता.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून मी त्यांना माझ्याकडे आणलं, तेव्हा वाचा जड होती तरी पहिलं वाक्य होतं, "महिनाभरासाठीच हं, वहिनी." महिन्याचं वर्ष झालं. बंद खोलीचं भाडं त्या भरतच होत्या, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. खोलीची किल्ली त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, झोपल्या झोपल्या दिसेल अशा उंचीवर मी खिळ्याला टांगली. जागा त्यांनीच दाखवली होती.

व्यायामवाली म्हणजे फिजिओथेरपिस्ट. वय असेल पंचविशीच्या आसपास, बोलण्यात चटपटीत. तिने पहिल्याच आठवड्यात वन्संशी सौदा केला. "आजी, तीन कामं. बटण लावायचं, भरलेला कप उचलायचा, आणि कुलपात किल्ली फिरवायची. ही तीन जमली की मी स्वतः तुम्हाला रिक्षात बसवून तुमच्या खोलीवर सोडते."

"रिक्षाचे पैसे कोण देणार?" वन्संनी विचारलं.

"ते तुम्ही. मी फक्त सोडणार."

किल्लीच्या सरावासाठी मी माळ्यावरचं एक जुनं कुलूप काढून दिलं. मी कुलूप धरायचं आणि वन्संनी किल्ली फिरवायची. पण मनगट वळेना, आणि अंगठा तर लाकडासारखा. दोनतीन महिने काहीच फरक पडला नाही तेव्हा वन्संचा धीर सुटत चालला. चेंडू दाबायला दिला तर तो भिंतीवर भिरकावला, आणि तोही डाव्या हाताने.

मग त्या मुलीने त्यांच्या फोनवर एक खेळ उतरवून दिला. तीन चकत्या फिरतात, त्यांवर रंगीत फळं. अंगठ्याने चकती ओढायची, सोडायची. तिन्ही फळं सारखी आली की नाण्यांचा खळखळाट. नाणी खोटी, नुसती चित्रं. "व्यायाम करतोय हे कळतसुद्धा नाही, आजी. दिवसातून जितकं खेळाल तितकं चांगलं." फोन उघडायला आकडे दाबणं वन्संना जमत नव्हतं, म्हणून तिने फोनवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा घेतला. बँकेचं कामही त्याच ठशावर होईल असं करून दिलं. आता अंगठा ठेवला की झालं.

वन्सं हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "जन्मभर झोकात सही केली, आणि म्हातारपणी अंगठेबहाद्दर झाले."

आणि खरोखरच अंगठा हलू लागला. आधी थरथर, मग ओढ, मग पकड. एक दिवस भरलेला कपही उचलून झाला. मुलगी दर आठवड्याला मोजमाप घ्यायची आणि तिचा चेहरा फुलायचा. खेळाचा खळखळाट घरात इतका ओळखीचा झाला, की स्वयंपाकघरात तो ऐकू आला नाही तर मीच बाहेर येऊन म्हणायची, "काय वन्सं, आज व्यायामाला सुट्टी?" मग त्या फोन हातात घ्यायच्या. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून मी विणत असे. तो आवाज ऐकत विणताना मला बरं वाटायचं. आमचे हे असते तर त्यांनाही वाटलं असतं.

शुक्रवारी मी दोन बस बदलून खोलीवर गेले. व्हरांड्यात वन्संचं कपाट, आरामखुर्ची, शेगडी आणि गाद्यांची वळकटी रचून ठेवलेली होती. कपाटावर एक्स्चेंजच्या सगळ्या मुलींचा चौकटीतला फोटो उलटा घालून ठेवला होता. दारावर वन्संचं कुलूप नव्हतं, दार उघडंच होतं. आत एक तरुण बाई खिडकीला पडदा लावत होती. तिने मला पाहून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

घरमालकीण आतून पदराला हात पुसत आली. बाई फटकळ, पण मनाने वाईट नाही.

"तुमचा काहीतरी गैरसमज झाला आहे," मी म्हटलं. "माझ्या नणंदेला खोली सोडायची नाहीये. तिच्या हातात आता चांगली सुधारणा आहे."

"गैरसमज माझा कसा होईल? त्यांनीच फोन केला मला."

"कोणी?"

"तुमच्या वन्संनी. तो आवाज काय मी ओळखत नाही? मी तर किती दिवस भाड्याचं तोंडातून काढलं नव्हतं. एवढी जुनी बाई, आजारी, देतील कधीतरी. पण त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, मी खोली सोडते आहे, थकलेलं अनामतीतून कापून घ्या, सामान वहिनी नेईल. मी म्हटलं, अहो घाई काय आहे, बऱ्या होऊन या. तर म्हणाल्या, तीन मिनिटं झाली. आणि ठेवला फोन."

आता मात्र मी त्या तरुण बाईने पुढे केलेल्या खुर्चीत बसले. तीन मिनिटांचं ते वाक्य दुसऱ्या कोणाचं असूच शकत नव्हतं.

"कधी आला होता हा फोन?"

"झाला की चांगला आठवडा."

आठवडाभर आम्ही रोज कुलूप आणि किल्लीचा सराव करत होतो. मी कुलूप धरत होते आणि वन्सं ओठ आवळून किल्ली फिरवत होत्या. काल तर बटणासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी फोटोची चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि घरी आले. वाटेत विचार करून करून एकच उत्तर सापडलं: कोणीतरी वन्संना फसवून पैसे काढले असणार, आणि स्वाभिमानी बाई, आम्हाला सांगायची लाज वाटून खोलीवर पाणी सोडून बसली असणार. मी त्यांना काही न विचारता मुलाला बोलावून घेतलं. तो दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. त्याचंही तेच म्हणणं पडलं.

संध्याकाळी तो पलंगाच्या कडेला बसला. "आत्या, तुला कोणाचा फोन आला होता का? बँकेतून बोलतोय वगैरे? नंबर विचारला कोणी?"

"मला कोण नंबर विचारणार? जन्मभर लोकांना नंबर मीच विचारला."

"थट्टा नको. तुझी ठेव आहे ना जागेवर? तेवढं बघू दे. फोन उघड."

वन्संनी उजवा हात पांघरुणाखाली घेतला. मी समोरच उभी होते. लहान मूल हातातली वस्तू लपवतं तसा त्यांनी तो हात लपवला. आपण ज्याला शोधतो आहोत तो माणूस या खोलीबाहेरचा नाही, हे मला कळलं. नक्की काय ते कळायचं होतं.

"आत्या."

बऱ्याच वेळाने हात बाहेर आला. अंगठा फोनवर टेकला. तो आता अजिबात थरथरत नव्हता.

मुलगा पडद्यावरून बोट फिरवत गेला. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. खात्यातून पैसे जात होते, थोडे थोडे, पण एकाच नावाच्या कंपनीला. तो खाली सरकवत राहिला तरी ते नाव संपेना. अधूनमधून काही परतही आले होते, आणि परत आले की लगेच पुन्हा गेले होते. ठेव मोडलेली होती. पेन्शन जमा व्हायचं आणि त्याच दिवशी बाहेर पडायचं.

"हे काय आहे?" मुलाने विचारलं.

"तोच खेळ," वन्सं म्हणाल्या. "वर एक सोनेरी पट्टी येते, खरी नाणी म्हणून. तिच्यावर अंगठा ठेवला की खरी होतात."

मुलाचा आवाज चढला. घरच्यांना विचारावं, शिकलेली बाई, एवढी वर्षं नोकरी केलेली, असं बरंच. वन्सं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली."

मी नेहमीचं उत्तर दिलं नाही. मुलगा उठून गच्चीत गेला.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. पापाच्या जागेकडे पाऊल वळू देऊ नका, असं आमच्या सिस्टर सांगत, आणि त्या जागेचं वर्णनही करत: अंधारा जिना, दारू, परके पुरुष. मी इतकी वर्षं त्या जिन्याच्या आसपासही गेले नव्हते. आणि इथे, माझ्याच घरात, कूस बदलायची तर मला हाक मारणाऱ्या, उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यापर्यंत ज्यांचा हात पोहोचत नव्हता अशा माझ्या वन्सं, पाऊल न उचलता रोज तिथे जाऊन येत होत्या. त्यासाठी त्यांना पांघरूणसुद्धा बाजूला करावं लागलं नव्हतं. मुलाने मला वेळा दाखवल्या होत्या. सकाळच्या चहाच्या वेळी. दुपारी. व्यायामवाली बाहेर चपला काढत असताना. बहुतेक वेळी मी त्याच खोलीत होते.

त्या रात्री डायरीत मी फक्त हवामान लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं आपणहून बोलल्या. मी विणकाम घेतलं नव्हतं. हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे मला समजत नव्हतं.

"तुला वाटत असेल, डोक्यावर परिणाम झाला."

"मला काहीच वाटेनासं झालंय, वन्सं."

"मी एकदा रेसला गेले होते. तुला कधी सांगितलं नाही. नोकरीला नवीन होते. एक्स्चेंजमधल्या दोघीतिघी जायच्या, मलाही नेलं. मी एका तपकिरी घोड्यावर लावले आणि तो पहिला आला. वहिनी, तसा आनंद मला ना आधी कधी झाला, ना नंतर. पगाराचासुद्धा नाही."

"मग पुन्हा का गेला नाहीत?"

"दोन बस बदलाव्या लागायच्या. वर रविवारची एकच सुट्टी, त्यात कपडे धुवायचे. दर रविवारी वाटायचं जावं, आणि बसस्टॉपवर उभं राहिलं की दुसरी बस यायच्या आत ते वाटणं विरून जायचं. मग भाजी घेऊन घरी यायची. पुढे रेसकोर्स आणखी लांब हलवलं. लोक मला सरळ म्हणत आले. मीही म्हणत आले. आता कळतंय, लांब होतं म्हणून."

मी त्यांची उशी सरळ केली.

"हे लांब नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातात होतं. आणि हात बरा होत होता."

"पण थांबता आलं असतं ना कुठेतरी."

"कुठे? रेसला शेवटचा घोडा धावला की माणसं घरी जातात. इथे शेवटचा घोडाच नाही. सुरुवातीला बरेच पैसे आले. तुझा टेबललॅम्प त्यातलाच."

हा मला दुसरा धक्का. माझे डोळे दुखतात म्हणून मुलाला दुकानात पिटाळून त्यांनी तो दिवा आणवला होता, व्याजाचे पैसे म्हणून. मी रोज त्याच्याच उजेडात लिहीत होते. त्या दिवसापासून मी तो लावला नाही.

"आणि खोली?"

"आधी भाडं तेवढं बाजूला ठेवत होते. मग एकदा म्हटलं, या महिन्याचं लावून बघू, दोन महिन्यांचं होईल. मग गेलेलं परत मिळवायला. शेवटी शेवटी तर खोलीसाठीच खेळत होते, दुसऱ्या कशासाठी नाही."

"खोली सोडल्याचा फोन केल्यावरसुद्धा तुम्ही रोज किल्ली फिरवत होता. ते कशाला, वन्सं? मला ते अजून समजत नाहीये."

त्यांनी भिंतीवरच्या किल्लीकडे पाहिलं. "तू इतक्या उमेदीने कुलूप धरून बसायचीस. तुला काय सांगणार होते?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच ओटा पुसला. पुसलेलाच होता.

सोमवारी व्यायामवाली आली तेव्हा मुलाने तिला दारातच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती वाद घालेल. ती चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. मग आत येऊन जमिनीवरच बसली.

"मी स्वतः खेळून बघितला होता तो," ती म्हणाली. "फुकट होता. पट्टी होती वर, पण मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. जाहिरात असेल म्हणून."

"तुमचं वय वेगळं," मुलगा म्हणाला. "तुम्हाला उठून दुसरीकडे जाता येतं."

ती हळूच म्हणाली, "मी हा खेळ अजून बऱ्याच पेशंटांना दिलाय. सगळे पडून असलेले." आणि आमच्यासमोरच एकेकाला फोन लावू लागली. कोणाच्या मुलाशी बोलली, कोणाच्या बायकोशी. बहुतेकांकडे काही नव्हतं. एका घरी मात्र पलीकडच्या बाईने विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" फोनचा आवाज मोठा होता. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. वन्संनी डोळे मिटून घेतले.

मुलाने वन्संच्या फोनवरचा खेळ पुसला, बँकेत जाऊन खात्यावर आपलं नाव जोडलं, आणि त्यांना बटणांचा साधा फोन आणून दिला. मोठा फोन तो घेऊन गेला. वन्संनी कशालाच विरोध केला नाही. पण पुढचे दिवस वाईट गेले. त्यांना झोप लागेना. चहा निवला तरी हात लावेनात. मी एकदा विचारलं, अंगठ्याचा व्यायाम करता का, तर म्हणाल्या, "तो अंगठा तोडून दे एकदाचा." त्या मला असं कधी बोलल्या नव्हत्या. वाईट याचंच वाटलं, की घरात खळखळाट नव्हता तर मलाही चुकल्यासारखं होत होतं.

एका दुपारी व्यायामवाली त्यांच्या पायाचा व्यायाम घेत होती. वेळ लावण्यासाठी तिने आपला फोन उघडून पलंगावर ठेवला आणि गरम पाण्याची पिशवी भरायला माझ्याबरोबर आत आली. पिशवीचं बूच लावत होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"वहिनी, लवकर ये."

आवाज शांत होता, एक्स्चेंजवरचा. आम्ही धावलो. वन्सं डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या. फोन छातीवर, उजव्या मुठीत. त्यातून तेच संगीत वाजत होतं.

"परत उतरवून घेतलाय मी," त्या म्हणाल्या. "अजून काही लावलेलं नाही. तू काढून घे. माझ्या हातून सुटत नाहीये."

मला वाटलं, त्या नुसतं म्हणताहेत. मी फोन ओढला तर निघेना. एकेक बोट मला उचकटून सोडवावं लागलं. करंगळी, मग बाकीची. त्या बोटांत केवढी ताकद आली होती हे मला तेव्हा समजलं. वर्षभर याच ताकदीची वाट पाहिली होती आम्ही. सगळ्यात शेवटी अंगठा सुटला. व्यायामवाली पाण्याची पिशवी पोटाशी धरून रडत होती. मी फोन तिच्या हातात दिला आणि वन्संच्या उशाशी बसले. त्यांच्या तळहातावर फोनच्या कडेचा वळ उठला होता.

"तुम्ही हाक मारलीत," मी म्हटलं.

"आज मारली."

त्यानंतर घरात येणाऱ्याने फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा, असा नियम केला. मुलगा म्हणतो, आई, याने काय होणार, कोपऱ्यावरच्या दुकानात दहा फोन टांगलेले असतात. वन्सं म्हणाल्या, "तिथवर मला चालत जाऊ दे तर खरं. वाटेत बघू काय वाटतं ते."

९ नोव्हेंबरला, शनिवारी, सकाळी त्यांनीच कुलूप मागितलं. तो सगळा प्रकार उघड झाल्यापासून ते टेबलाच्या खणात पडून होतं, आणि मीही काढलं नव्हतं. मी धरलं. वन्संनी किल्ली घातली, ओठ आवळले, आणि मनगट वळलं. कुलूप खट्कन उघडलं. व्यायामवाली त्या दिवशी नव्हती. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते मला कळेना, म्हणून मी उघडं कुलूप हातात घेऊन तशीच बसून राहिले.

"झालं तिसरं काम," वन्सं म्हणाल्या. "आता ती समोरची किल्ली काढ. कुठल्याच दाराची नाहीये ती."

मी उठून किल्ली काढली. रिकाम्या खिळ्याकडे दोघींनी पाहिलं.

"तीन मिनिटं झाली असतील," त्या म्हणाल्या.

"वाढवा," मी म्हटलं. "बिल मी भरते."

त्या संध्याकाळची नोंद अशी आहे: थंडी पडायला सुरुवात. वन्संचं कपाट टेम्पोने आलं, माझ्या खोलीत ठेवलं. टेबललॅम्प पुन्हा लावला. पुढच्या दाराची एक जास्तीची किल्ली करून आणली आणि वन्संच्या समोरच्या खिळ्याला टांगली. जरा घट्ट फिरते, तेल घालायला हवं.